सुरतेचे सुतार आणि युद्धनौकांची पारख

लढाऊ विमान वैमानिकाच्या हाती जाण्यापूर्वी त्याच्या उड्डाणयोग्यतेचा निर्वाळा अभियंत्यास द्यावा लागतो. धातूत सूक्ष्म चीर आहे काय, सांधे ठरलेला भार सोसतील काय, याची खात्री पटल्यावरच तो सही करतो. त्या सहीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. ही जबाबदारी विमानाहून पुष्कळ जुनी आहे. पश्चिम किनाऱ्यावर तिचा माग काढू गेल्यास तो सुरतेच्या गोदीपर्यंत पोहोचतो.

अठराव्या शतकात सुरत हे जहाजबांधणीचे नामांकित बंदर होते. तेथील गोदीत लवजी नसरवानजी वाडिया मुकादम होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून १७३६ च्या सुमारास ते काही सुतारांसह मुंबईस आले. १७५० साली मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावयाचे आणि पाणी काढून टाकावयाचे, की एरवी दृष्टीआड असलेला तळ उघडा पडे. किड्यांनी पोखरलेली फळी, सैल झालेला खिळा तेथेच उमगे.

वाडियांची खरी विद्या लाकडाच्या पारखीत होती. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजत. सागातील तेलामुळे ते टिकत. म्हणून सागाची नौका दीर्घायुषी ठरे.

१८०२ साली ब्रिटिश आरमारखात्याने युद्धनौका मुंबईत बांधविण्याचे ठरविले. त्यांवर देखरेखीसाठी युरोपीय बांधणीकार पाठविण्याचा त्यांचा विचार होता. तथापि लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांची योग्यता कळल्यावर तो रद्द झाला. परक्या राजसत्तेने आपल्या खलाशांचे प्राण एका हिंदी कारागिराच्या निर्णयावर सोपविले, हे त्या काळी लहानसहान नव्हते. १८१० साली ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

१८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानकिंगचा तह झाला आणि अफूचे युद्ध चीनच्या मानहानीने संपले. नौका कोणत्या कामी लागावी, हे ठरविणे मात्र तिच्या कर्त्याच्या हाती नव्हते.

जमशेटजींच्या काळी बांधणारा आणि पारखणारा बहुधा एकच असे. घराण्याची अब्रू हीच हमी होती. आज ही दोन कामे निराळी केली आहेत. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना स्थापन झाला. लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचे प्रमाणन करणारे स्वतंत्र केंद्र बंगळूर येथे १९९५ साली निघाले. विमान देण्याची घाई कारखान्यास असू शकते. म्हणून ‘अजून नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या घाईपासून दूर असलेल्या माणसाकडे ठेवावा लागतो. यंत्र कितीही बदलले, तरी हा अधिकार निर्भयपणे वापरला जातो की नाही, यावरच वैमानिकाचे सुखरूप परतणे पुष्कळसे अवलंबून राहते.