आदेशाची संहिता आणि विवेकाचे वाचन : किगाली, एप्रिल १९९४

आज्ञा आणि विवेक यांच्या कात्रीत सापडलेला सैनिक ही युद्धविषयक वाङ्मयातील एक जुनी व्यक्तिरेखा आहे. भारतीय परंपरेत तिचे आद्य रूप म्हणून सहजच कुरुक्षेत्रावरील अर्जुनाकडे बोट दाखवले जाते. परंतु अर्जुनाचा प्रश्न शस्त्र उचलावे की ठेवून द्यावे हा आहे. त्याचा विवेक त्याला हिंसेपासून मागे खेचतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या यादवी युद्धांत आंतरराष्ट्रीय शांतिसैनिकांसमोर जो प्रश्न उभा राहिला, तो नेमका याच्या उलट होता. त्यांना कोणालाही ठार मारण्याची आज्ञा नव्हती. आज्ञा होती ती निघून जाण्याची. या पेचाचे साम्य शोधायचे तर ते युद्धभूमीवर न शोधता द्यूतसभेत शोधावे लागते. तेथे द्रौपदीने विचारलेला प्रश्न नियमाच्या अर्थाविषयीचा आहे. भीष्म 'धर्माची गती सूक्ष्म' म्हणून त्याचे उत्तर टाळतात, तर विकर्ण त्याच नियमांच्या आधारे वेगळे उत्तर देतो. सभा एक, नियम एक, वाचने मात्र दोन.

आदेश आणि विवेक हे परस्परांपासून तोडलेले दोन ध्रुव आहेत, अशी समजूत बहुतेक कथनांमागे असते. रवांडातील १९९४ च्या घटनांचा अभ्यास ही समजूत तपासून पाहण्यास भाग पाडतो. तेथील आदेश संदिग्ध, अपुरे आणि परस्परविसंगत होते. त्यांचा अर्थ लावावा लागत होता. विवेकाचे कार्य आदेश झुगारण्यात जितके दिसते, त्याहून अधिक ते आदेशाच्या वाचनात दिसते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१

रवांडातील हुतू वर्चस्वाचे शासन आणि तुत्सी निर्वासितांनी उभारलेली 'रवांडन देशभक्त आघाडी' यांच्यात १९९० पासून यादवी युद्ध सुरू होते. ४ ऑगस्ट १९९३ रोजी टांझानियातील आरुशा येथे उभय पक्षांत करार झाला. या करारात एका तटस्थ आंतरराष्ट्रीय दलाची अपेक्षा होती. त्या दलाने देशभरातील शस्त्रसाठ्यांचा शोध घ्यावा आणि नागरिकांच्या सुरक्षिततेस साहाय्य करावे, असे त्यात म्हटले होते. सुरक्षा परिषदेने ५ ऑक्टोबर १९९३ रोजी ठराव क्रमांक ८७२ संमत करून 'युनामिर' हे दल स्थापन केले. मात्र ठरावाने कराराचा आशय आक्रसून घेतला. संरक्षणाची कक्षा राजधानी किगालीपुरती आली, आणि तीही 'उभय पक्षांनी निर्माण केलेल्या' शस्त्रनियंत्रित क्षेत्राशी बांधली गेली. करारातून ठराव, ठरावातून कार्यनियम आणि कार्यनियमांतून तोंडी हुकूम असा हा संहितांचा उतरता प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर काही शब्द गळतात आणि त्यांच्याबरोबर काही माणसेही संरक्षणाच्या कक्षेबाहेर जातात.

दलाचे सेनापती, कॅनडाचे रोमिओ दालेर यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये बळाच्या वापराविषयीच्या नियमांचा मसुदा न्यूयॉर्कच्या मुख्यालयाकडे संमतीसाठी धाडला. त्यातील सतराव्या परिच्छेदात वांशिक वा राजकीय हेतूने होणारे गुन्हे उपलब्ध सर्व साधनांनी रोखणे हे दलाचे नैतिक आणि कायदेशीर कर्तव्य ठरेल, अशा आशयाची तरतूद होती. मुख्यालयाने या मसुद्यास औपचारिक उत्तर दिले नाही. संमती नाही आणि नकारही नाही, अशी ही स्थिती होती. या मौनाचा अर्थ काय लावावयाचा, हा प्रश्न पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

मौनाचे एक वाचन जानेवारीत पुढे आले. ११ जानेवारी १९९४ च्या तारेत दालेर यांनी एका खबऱ्याने दिलेली माहिती कळविली : किगालीतील तुत्सींची नोंदणी त्यांच्या संहारासाठी चालली असावी, आणि शस्त्रांचे गुप्त साठे अस्तित्वात आहेत. छत्तीस तासांत हे साठे जप्त करण्याचा आपला मनोदयही त्यांनी नोंदविला. ही कृती ठराव ८७२ च्या मर्यादेबाहेर जाते, असे उत्तर मुख्यालयाकडून आले. दालेर यांच्या वाचनात ठरावाचे प्रयोजन प्रमाण होते. मुख्यालयाच्या वाचनात त्याची शब्दमर्यादा. आदेश पाळणारे आणि न पाळणारे अशी विभागणी येथे करता येत नाही.

२

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली आणि त्यांच्या रक्षणार्थ गेलेले दहा बेल्जियन सैनिकही मारले गेले. तुत्सींच्या आणि विरोधी हुतूंच्या पद्धतशीर संहारास आरंभ झाला. पुढील सुमारे शंभर दिवसांत किमान आठ लाख माणसे मारली गेली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

फ्रान्स आणि बेल्जियम यांनी आपापल्या नागरिकांच्या सुटकेसाठी तातडीने सैन्य पाठविले. ९ एप्रिल रोजी मुख्यालयाकडून दालेर यांना आलेली सूचना या दृष्टीने मुळातून तपासण्यासारखी आहे. परदेशी नागरिकांच्या सुटकेत सहकार्य करावे, निःपक्षपाताला बाध येईल वा अधिकारकक्षेचे उल्लंघन होईल असे काही करू नये, मात्र परदेशी नागरिकांच्या सुटकेसाठी अत्यावश्यक ठरल्यास सेनापतीने स्वतःच्या विवेकाधिकारात तसे करण्यास हरकत नाही, असा तिचा आशय होता. म्हणजे जानेवारीत जी कक्षा ओलांडता येत नव्हती, ती एप्रिलमध्ये ओलांडता येऊ लागली. केवळ कोणासाठी, एवढेच बदलले. विवेकाला आदेशात जागा नव्हती असे नाही. ती होती, परंतु पारपत्र पाहून दिलेली होती.

या सूचनेचा प्रत्यक्ष परिणाम किगालीच्या किचुकिरो भागातील 'एकोल तेक्निक ऑफिसिएल' या सालेशियन धर्मगुरूंच्या तंत्रशाळेत दिसला. तेथे लेफ्टनंट ल्यूक लमेर यांच्या हाताखाली सुमारे नव्वद बेल्जियन सैनिकांचा तळ होता. निळ्या टोप्या पाहून सुमारे दोन हजार माणसे शाळेच्या आवारात आश्रयाला आली होती. कुंपणाबाहेर मारेकऱ्यांच्या टोळ्या वाट पाहत होत्या. ११ एप्रिल रोजी फ्रेंच सैनिक येऊन परदेशी नागरिकांना घेऊन गेले. त्यानंतर बेल्जियन तुकडीही निघाली. आश्रितांनी वाहने अडविण्याचा प्रयत्न केला, पण तो व्यर्थ ठरला. सैनिक गेल्यावर टोळ्या आत शिरल्या. अमाहोरो क्रीडासंकुलातील संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयस्थानाकडे निघालेल्या लोकांना वाटेत अडविण्यात आले आणि न्यान्झा टेकडीकडे हाकत नेऊन त्यांतील बहुतेकांना ठार करण्यात आले. माजी परराष्ट्रमंत्री आणि आरुशा वाटाघाटींतील एक प्रमुख सहभागी बोनिफास न्गुलिन्झिरा हेही शाळेत आश्रयाला होते. सैनिक गेल्यानंतर त्यांचीही हत्या झाली.

तुकडीने शाळा सोडण्याचा आदेश नेमका कोणाचा होता? हा प्रश्न वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी बेल्जियमच्या न्यायालयात नेला. २०१० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रथम न्यायालयाने हा निर्णय बेल्जियन नियंत्रणाखाली झाल्याचे मानले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रणातील असल्याचे सांगून बेल्जियन राज्याला जबाबदारीतून मुक्त केले. एका निर्णयाचे दोन कर्ते, आणि दोघांपैकी कोणीही शेवटी उत्तरदायी नाही! कर्त्याच्या अंताची चर्चा वाङ्मयसमीक्षेत बरीच झाली आहे. येथे तिचा प्रशासकीय प्रत्यय येतो. आणखी एक तपशील लक्षणीय आहे. किगाली क्षेत्राचे प्रमुख कर्नल ल्यूक मार्शाल यांच्यावर बेल्जियममध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला आणि १९९६ मध्ये ते निर्दोष सुटले. तो खटला दहा सैनिकांच्या मृत्यूसंबंधी होता. दोन हजार आश्रितांसंबंधी नव्हता.

कायद्याची चौकटही या प्रसंगी अपुरी पडते. न्यूरेंबर्ग तत्त्वांतील चौथे तत्त्व असे सांगते की, नैतिक निवड शक्य असताना केवळ वरिष्ठांच्या आज्ञेमुळे व्यक्ती जबाबदारीतून सुटत नाही. परंतु त्या तत्त्वासमोर जो सैनिक आहे तो आज्ञेवरून गुन्हा करणारा. आज्ञेवरून दारातून बाहेर पडणाऱ्या आणि त्यायोगे इतरांच्या गुन्ह्याला वाट मोकळी करून देणाऱ्या सैनिकाचे वर्णन करणारे शब्द त्यात नाहीत.

३

याच दिवसांत, याच दलात अन्य वाचनेही झाली. २१ एप्रिल रोजी ठराव ९१२ अन्वये सुरक्षा परिषदेने दल २७० पर्यंत घटविण्याचे ठरविले. दालेर आणि त्यांचे उपसेनापती, घानाचे हेन्री अन्यिदोहो यांनी प्रत्यक्षात साडेचारशेच्या आसपास माणसे राखून ठेवली. मागे राहण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा आपल्या शासनाच्या संमतीची वाट न पाहता अन्यिदोहो यांनी घानाची तुकडी थांबेल असे सांगितले. संमती नंतर आली. या सैनिकांकडे साधनसामग्री तुटपुंजी होती. तरीही दलाच्या आश्रयस्थानांत हजारो लोक जिवंत राहिले.

सेनेगलचा कॅप्टन म्बाये दियान हा निःशस्त्र लष्करी निरीक्षक. पाहणे आणि कळविणे एवढेच त्याचे विहित काम. ७ एप्रिल रोजी त्याने पंतप्रधानांच्या मुलांना वाचविले आणि त्यानंतर तो आठवड्यामागून आठवडे आपल्या वाहनातून चार-पाच माणसे एकेका खेपेस चौक्यांपलीकडे नेत राहिला. चौक्यांवरील मारेकऱ्यांशी त्याने गप्पागोष्टी, थट्टा, सिगारेट यांच्या आधारे व्यवहार साधला. ३१ मे १९९४ रोजी एका चौकीवर तोफगोळ्याचा तुकडा लागून तो मृत्यू पावला. त्याने वाचविलेल्यांची संख्या शेकड्यांत मोजली जाते. सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये असाधारण धैर्यासाठी त्याच्या नावाचे पदक स्थापन केले. ज्या संस्थेच्या नियमात त्याच्या कृतीला जागा नव्हती, तिनेच ती कृती वीस वर्षांनी आपली म्हणून स्वीकारली. दियानने आदेश फाडून टाकला नाही. 'निरीक्षण' या शब्दात जेवढे फिरणे, थांबणे आणि बोलणे बसू शकते, तेवढे त्याने त्यात बसविले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दियानच्या मापाने लमेर यांना मोजणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. चार दिवसांपूर्वी दहा सहकारी मारले गेले होते, बेल्जियनांविरुद्ध द्वेष भडकाविला जात होता, आणि नव्वद सैनिक किती काळ तग धरते याचे उत्तर इतिहास देत नाही. बेल्जियन तुकडी मायदेशी परतत असताना काही सैनिकांनी आपल्या निळ्या टोप्या संगिनीने फाडल्या. आज्ञापालनानंतर उरलेला विवेक तेथे वस्तूवर उलटलेला दिसतो. तरीही ही सहानुभूती मूळ प्रश्नाला पर्याय होऊ शकत नाही. आदेशाची अनेक वाचने शक्य होती, हे घानाच्या तुकडीने आणि दियानने सिद्ध केले. म्हणून 'आदेशच तसा होता' हे विधान स्पष्टीकरण म्हणून उरते, समर्थन म्हणून उरत नाही.

४

या इतिहासाच्या शेजारी कल्पित कथने ठेवली म्हणजे त्यांचा कल स्पष्ट होतो. २००३ मधील 'टिअर्स ऑफ द सन' या हॉलीवुडपटात नायजेरियातील कल्पित यादवीत एका डॉक्टर स्त्रीची सुटका करण्याची आज्ञा अमेरिकी तुकडीला मिळते. हेलिकॉप्टरमधून कत्तलीचे दृश्य पाहून तुकडीचा नायक ते परत वळवतो. येथे आदेश निःसंदिग्ध आहे, विवेक एका क्षणात जागा होतो, आणि शस्त्रबळ त्याच्या दिमतीला आहे. एप्रिल १९९४ मध्ये तंत्रशाळेतून निघालेली वाहने परत वळली नाहीत. जे इतिहासात घडले नाही त्याची भरपाई चित्रपट करतो, पण त्या भरपाईत आश्रित माणसे नायकाच्या अंतःकरणपरिवर्तनाचे निमित्त होतात.

२००५ मधील 'शूटिंग डॉग्ज' हा चित्रपट अधिक प्रामाणिक आहे. तो त्याच तंत्रशाळेत चित्रित झाला. प्रेते खाणाऱ्या कुत्र्यांवर गोळी चालविता येते, मारेकऱ्यांवर नाही, या विसंगतीतून त्याचे शीर्षक आले आहे. आदेशाच्या वाचनाचा प्रश्न तो नेमका पकडतो. मात्र त्याचेही केंद्र गोरा धर्मगुरू आणि गोरा शिक्षक हेच राहते. दालेर यांचे २००३ मधील आत्मकथन अपयशाची जबाबदारी टाळत नाही. परंतु आत्मकथन या प्रकाराच्या स्वभावानुसार तेथेही पेच सेनापतीचाच असतो.

या पार्श्वभूमीवर १९९८ मध्ये आफ्रिकी लेखकांनी रवांडात जाऊन हाती घेतलेला स्मृतिलेखनाचा उपक्रम वेगळा ठरतो. त्यातून निर्माण झालेल्या सेनेगलच्या बुबाकार बोरिस दियोप यांच्या 'मुरांबी' (२०००) या कादंबरीत निवेदकपद एकाच्या हाती राहत नाही. बळी, मारेकरी, परतलेला निर्वासित, इतकेच नव्हे तर फ्रेंच लष्करी अधिकारीही, आपापल्या आवाजात बोलतात. त्यामुळे सैनिकाचा पेच अनेकांतील एक होतो आणि ज्यांच्या जिवावर तो पेच उभा आहे, ती माणसे केवळ पार्श्वभूमी म्हणून उरत नाहीत.

द्यूतसभेच्या कथेचे सामर्थ्य अखेर विकर्णाच्या धैर्यात वा भीष्मांच्या व्यथेत नाही. ते यात आहे की, प्रश्न द्रौपदीचा आहे, तिने स्वतः विचारलेला आहे, आणि संहितेने तो तिच्याच मुखी ठेवला आहे. किगालीच्या तंत्रशाळेत दोन हजार माणसांनी वाहनांसमोर येऊन हाच प्रश्न विचारला होता : तुमच्या नियमात आम्ही बसतो की नाही? सैनिकाच्या धर्मसंकटाविषयीचे कोणतेही लेखन, मग ते इतिहासाचे असो वा कल्पिताचे, या प्रश्नाला किती जागा देते, यावर त्याचे मोल ठरावे.