धुऱ्यावरची अंडी

कंधारात प्राणिशास्त्र शिकवताना लिंगनिश्चितीचा धडा मी एक्स आणि वायवर उरकायचो. मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं, आईवर नाही, हे घरी आजीला नीट समजावून सांगा, असं पोरांना बजावायचो. ते गरजेचंच होतं. खिडकीबाहेर बाभळीवर मान लाल करून बसलेल्या सरड्याला मात्र तो धडा जशाच्या तसा लागू नव्हता.

सरपटणाऱ्यांतल्या बऱ्याच जातींत नर की मादी हे अंड्याच्या उबेवर ठरतं, ही गंमत कळली तीही सरड्यामुळंच. 1966 साली सेनेगलमधल्या डकारला मादलेन शार्निये या बाईंनी आगामा सरड्याची अंडी कमी-जास्त उबेत ठेवली. उबेप्रमाणं नर-माद्यांचं प्रमाण बदललं. निबंध फ्रेंचमध्ये, तोही पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या संस्थेच्या अहवालात. मग वाचतो कोण! पुढं फ्रान्समध्ये क्लोद प्यो यांनी कासवांवर तेच दाखवलं, तेव्हा कुठं जग वळलं. उबवणीच्या मधल्या टप्प्यात गर्भाची जननग्रंथी घडत असते. नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरक करणारं अॅरोमाटेज नावाचं विकर तेव्हा किती काम करतं, हे बऱ्याच जातींत उष्णतेवर अवलंबून असतं.

आपल्याकडं हा विषय आधी मगरीच्या पाठीवरून आला. रॉम्युलस व्हिटेकर यांनी 1976 मध्ये काढलेल्या मद्रासच्या मगरपेढीतली अंडी जेफ्री लँग आणि सहकाऱ्यांनी तपासली. 1989 चा त्यांचा निष्कर्ष असा, की 28 ते 31 अंशांवर सगळ्या माद्या, साडेबत्तीसला सगळे नर. दीड अंशाचा खेळ! कासवांत उलटं, ऊब वाढली की माद्या. म्हणून कोकणात वेळासला समुद्रकाठची अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची, तर सावली आणि खोली यांनाही महत्त्व येतं.

आमच्या सरड्याची पाळी आली धारवाडला. कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि मंडळींनी त्याची अंडी उबवली. थंडीत मादी, थोडं वाढवलं की नर, आणखी वाढवलं की पुन्हा मादी, त्याहून वर पुन्हा नर! असा तऱ्हेवाईक हिशेब मी दुसरीकडं वाचला नाही.

मृगाच्या सरींनंतर मादी झाडावरून उतरते, भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते, वर माती दाबते. खुरपणीत ती पांढरी अंडी खुरप्याला लागली की बाया ती धुऱ्याकडं भिरकावतात. लिंबाच्या सावलीतला खड्डा आणि उघड्या काळ्या रानातला खड्डा यांत किती अंशांचा फरक पडतो, एवढं मोजायला एक साधा थर्मामीटर पुरे. पण पोरांना मी तो कधी घ्यायला लावला नाही, अभ्यासक्रमात नव्हतं ना.