चार पर्याय, पंधरा उत्तरे : अर्धवट ज्ञानाला गुण किती?

२२ मे २०१६ रोजी आयआयटी गुवाहाटीने घेतलेल्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या सूचनापानावर एक लहानसा बदल होता. 'एक किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर' या प्रकारच्या प्रश्नांत सगळे बरोबर पर्याय निवडले तर चार गुण, हे पूर्वीप्रमाणेच होते. पण आता अपुऱ्या उत्तरालाही किंमत आली होती. चुकीचा पर्याय निवडला नसेल, तर निवडलेल्या प्रत्येक बरोबर पर्यायाला एक गुण मिळणार होता. एकही चुकीचा पर्याय आला, तर मात्र उणे दोन.

आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, आयआयटी मुंबईने घेतलेल्या परीक्षेत ही सवलत नव्हती. अ, क आणि ड बरोबर असताना ज्याने फक्त अ आणि ड निवडले त्याला उणे दोन मिळत होते, आणि ज्याने फक्त चुकीचा ब निवडला त्यालाही उणे दोनच. दोन तृतीयांश जाणणारा आणि काहीच न जाणणारा एकाच पंक्तीत बसत होते. २०१६ मध्ये पहिल्याला अधिक दोन मिळू लागले. ज्ञान तेवढेच, उत्तर तेच, आणि एका प्रश्नामागे चार गुणांचा फरक. जिथे एकेका गुणावर क्रमांक खालीवर होतो, तिथे चार गुण म्हणजे शाखा बदलते, कधी संस्थाही बदलते.

बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म अशा गुंतागुंतीसाठी झालाच नव्हता. १९१४-१५च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी वाचनचाचणी तयार केली, तेव्हा त्यांना हवी होती ती परीक्षकाच्या मर्जीतून सुटका. उत्तर एकच असावे आणि कोणीही तपासले तरी गुण तेवढेच पडावेत, हा हेतू. तुक्क्याचा बंदोबस्तही सोपा होता. चार पर्यायांतील एकच बरोबर असेल, तर चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तराच्या एक तृतीयांश गुण वजा करावेत. म्हणजे डोळे मिटून पेपर सोडवणाऱ्याची सरासरी मिळकत शून्य होते. भारतातील कितीतरी परीक्षांत दिसणारे 'अधिक तीन, उणे एक' हे गणित याच हिशेबातून आलेले आहे.

आयआयटीची प्रवेशपरीक्षा मात्र २००५ पर्यंत मूलतः लेखी होती. २००० पासून चाळणी परीक्षा आली, तरी अंतिम निवड लिहिलेल्या उत्तरांवरच होत असे. समीकरण बरोबर मांडून शेवटी चिन्ह चुकले तरी परीक्षक पायऱ्यांचे गुण देऊ शकत होता. २००६ पासून संपूर्ण परीक्षा वस्तुनिष्ठ झाली आणि पायऱ्या गेल्या. अनेक बरोबर पर्यायांचा प्रश्न हा त्या हरवलेल्या खोलीची भरपाई करण्याचा प्रयत्न म्हणता येईल. त्यात एका प्रश्नाच्या पोटात चार विधाने असतात आणि प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

खोली वाढली तसा न्यायाचा प्रश्नही वाढला. चार पर्यायांतून किमान एक निवडायचा असेल तर पंधरा प्रकारची उत्तरे संभवतात आणि त्यांपैकी एकच पूर्ण बरोबर असते. उरलेली चौदा सारखीच चुकीची असतात का? या प्रश्नाचे सर्वांना पटणारे उत्तर कधीच मिळाले नाही.

वरवर पाहता सरळ वाटणारा मार्ग असा की प्रत्येक पर्याय म्हणजे स्वतंत्र 'खरे की खोटे' मानावे आणि प्रत्येक अचूक निर्णयाला एक गुण द्यावा. पण मग एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्यालाही, तीन चुकीचे पर्याय 'नाकारल्याबद्दल', तीन गुण मिळतात. उलट, फक्त निवडलेल्या बरोबर पर्यायांनाच गुण दिले आणि दंड ठेवला नाही, तर चारही पर्याय रंगवणारा प्रत्येक वेळी जिंकतो.

मानसशास्त्रज्ञांनी यावर फार पूर्वी डोके चालवले आहे. १९५३ मध्ये एकाच संशोधनपत्रिकेत दोन लेख आले. ड्रेसेल आणि श्मिड यांनी बहुपर्यायी प्रश्नाची वेगवेगळी रूपे तपासली. अनेक बरोबर उत्तरांचा प्रश्न त्यांत होता. क्लाइड कूम्ब्स यांनी प्रश्नच उलटा केला. बरोबर पर्याय निवडू नका, जे चुकीचे असल्याची खात्री आहे ते खोडा, असे त्यांचे म्हणणे. चार पर्याय असतील तर चुकीचा पर्याय खोडल्याबद्दल प्रत्येकी एक गुण, आणि बरोबर पर्यायच खोडला तर उणे तीन. अर्धवट ज्ञान मोजण्याची ही देखणी पद्धत आहे. मोठ्या प्रवेशपरीक्षांनी मात्र तिला फारसे जवळ केले नाही.

जेईईत या प्रश्नप्रकाराचे नियम वर्षागणिक हलत राहिले. २०११ मध्ये पूर्ण बरोबर उत्तराला चार गुण होते आणि चुकीला दंड नव्हता. २०१३ मध्ये उणे एक आला, २०१४ मध्ये दंड पुन्हा गेला, २०१५ मध्ये उणे दोन झाला. २०१६ मध्ये अंशतः गुण आले. २०१९ मध्ये आयआयटी रुरकीने अंशतः गुण ठेवून दंड उणे एकवर आणला आणि पुढच्याच वर्षी तो परत उणे दोन झाला.

या चढउतारांचा परिणाम परीक्षार्थीच्या निर्णयावर काय होतो, हे थोड्या बीजगणिताने दिसते. समजा, अ बरोबर आणि ब, ड चुकीचे याची खात्री आहे, आणि क बरोबर असण्याची शक्यता प एवढी वाटते. २०१५च्या नियमाने दोन्ही मार्ग सममित होते: क बरोबर असण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त वाटली की तो निवडावा. २०१६च्या नियमाने केवळ अ निवडल्यास सरासरी मिळकत ४ − ३प, आणि अ-क निवडल्यास ६प − २. दोन्ही समान होतात ते प दोन तृतीयांश असताना. म्हणजे आता ६७ टक्के खात्री हवी. दोन पर्याय पक्के ठाऊक असतील आणि तिसऱ्याविषयी शंका असेल, तर उंबरठा ७५ टक्क्यांवर जातो. तीन पक्के आणि चौथा शंकास्पद असेल तर सहा-सप्तमांशांच्या अपूर्णांकावर, म्हणजे जवळपास ८६ टक्क्यांवर.

अर्धवट ज्ञानाला दिलेला हा न्याय असा सावधपणाचाही धडा देतो. जितके अधिक येते तितके पुढचे पाऊल महाग पडते. हा दोषच आहे असे नाही. अभियंत्याने खात्री नसताना हो म्हणू नये, असेही कोणी म्हणेल. पण भौतिकशास्त्राची जाण मोजणाऱ्या परीक्षेत जोखीम पेलण्याची वृत्तीही मोजली जाऊ लागते, एवढे खरे. शिवाय या परीक्षेचा गुणदान-नियम आधी जाहीर होत नाही. तो प्रश्नपत्रिकेसोबतच समोर येतो. मागच्या दहा वर्षांचे सगळे नियम सराव चाचण्यांतून घोटून आलेला विद्यार्थी आणि ते तिथेच प्रथम वाचणारा विद्यार्थी यांच्यातील अंतर कोणत्याही सूत्रात धरलेले नसते.

२० मे २०१८ रोजी ही परीक्षा पहिल्यांदा संपूर्णपणे संगणकावर झाली. सूचना अधिक काटेकोर शब्दांत आल्या: चारही बरोबर असून तीनच निवडले तर तीन, तीन किंवा अधिक बरोबर असून दोनच निवडले तर दोन, आणि असेच पुढे. नीट हिशेब केला तर हे २०१६चेच गणित आहे. ओएमआर कागद गेला, पण न्यायाची कल्पना बदलली नाही.

त्याच आयआयटी दुसऱ्या परीक्षेत वेगळे ठरवतात, ही यातली गंमत. आयआयटी मुंबईने घेतलेल्या २०२१च्या गेट परीक्षेत अनेक-निवडीचे प्रश्न आले, तेव्हा त्यांत दंडही नव्हता आणि अंशतः गुणही नव्हते. तीनपैकी दोन बरोबर पर्याय ओळखणाऱ्याला जेईईत दोन गुण, गेटमध्ये शून्य.

आणि ज्या प्रश्नाला एकच उत्तर असावे असे परीक्षकाने ठरवले होते, त्याला दोन निघाली तर? १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या उत्तरतालिकेवर निवाडा दिला. तालिका चुकीची असल्याचे स्पष्ट सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानावी, पण वाद टाळण्यासाठी ती गुप्त ठेवणे हा उपाय नव्हे, असा त्याचा आशय होता. २०१७ च्या जेईई ॲडव्हान्स्डमध्ये सदोष प्रश्नांसाठी सर्वांनाच १८ गुण दिले गेले, त्या प्रश्नांना हातही न लावणाऱ्यांना धरून. ७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रिया थांबवली आणि १० जुलैला ती पुन्हा सुरू करू दिली.

२०२४च्या नीट परीक्षेत अणूविषयी दोन विधाने होती. दुसऱ्या विधानात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असे म्हटले होते. एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात तसेच वाक्य होते, म्हणून राष्ट्रीय चाचणी संस्थेने दोन पर्यायांना गुण दिले. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे नव्या पुस्तकाने शिकलेल्या मुलांना माहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले, आणि ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांची यादी १७ नावांवर आली.