पोरांना विचारतं कोण

रावेरकडच्या जुन्या शेतकरी घरांत पोराचं वय कामावर मोजायचे. ढोरं राखण्याएवढा झाला, वखर धरण्याएवढा झाला, की पुढे थेट बाप. मधलं तारुण्य कुणी हिशेबात धरत नसे. आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, सांगायचे की ओट्यावर वडीलधारे बसले की पोरानं पाणी द्यायचं आणि मागल्या दारी जायचं. तोंड उघडलं तर लहान तोंडी मोठा घास. लग्नसुद्धा ठरल्यावर कळायचं. १९३० पासून शारदा कायद्यानं मुलाला १८ आणि मुलीला १४ वर्षांची अट घातली खरी, पण वय सांगणार बापच!

डिसेंबर १९३६ मध्ये शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यासाठी स्थानिक कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी राबत होते, साने गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडत होते. गुरुजींबद्दल म्हाताऱ्यांची कुरकुर होती: अमळनेरच्या वसतिगृहात हा मास्तर पोरांचे कपडे घड्या करून ठेवायचा, खोल्या झाडायचा, मग पोरं कुणाला भिणार? धाक म्हणजेच संस्कार, असा तो काळ.

ऐन कापूसवेचणीत आप्पा घरी न सांगता फैजपूरला गेले. चित्रकार नंदलाल बोसांच्या बांबूंच्या कमानी, बैलांच्या रथातून आलेले नेहरू, सगळं पाहिलं. नेहरू तेव्हा ४७ वर्षांचे; त्यांना तरुणांचा पुढारी म्हणतात याचं आप्पांना हसू आलं होतं, कारण त्या वयाचे त्यांच्या गल्लीतले लोक नातवंडं खेळवत होते. पण खरी गोष्ट पुढेच घडली. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर तिथं ठराव व्हायचे होते. बाहेरगावच्या कुणा कार्यकर्त्यानं तिथंही पाणी द्यायला लागलेल्या आप्पांनाच विचारलं, घरावर कर्ज किती, शेतसारा किती. घरी असलं काही पोरांना सांगत नसत. आप्पांनी मागल्या दारी उभं राहून ऐकलेलं सगळं सांगितलं. त्या माणसानं ते लिहून घेतलं.

परतल्यावर मार बसला तो वेचणी बुडवल्याबद्दल कमी, घरचं कर्ज चारचौघांत सांगितल्याबद्दल जास्त. आप्पांच्या धाकट्या बहिणीला तर फैजपूर दिसलंच नाही. आप्पांच्या वाटचा कापूस तिनं वेचला, आणि तिला कुणी काही विचारल्याचं घरात कुणालाच आठवत नाही.

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात ‘चले जाव’च्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. बातमी आली तसे गावातल्या बापांनी आपापली पोरं मळ्यात नेऊन कोंडली, त्यात आप्पाही. स्वातंत्र्यानंतर तेच बाप शाळेच्या ओट्यावर उभे राहून शिरीषकुमारचं धाडस वाखाणू लागले. आप्पा पुढच्या रांगेत बसून ऐकायचे, आणि भाषण संपलं की आपल्या वडिलांना विचारायचे, "आबा, मग मले काहून कोंडलं व्हतं?"