दूध आटवण्याच्या गोळीची गोष्ट

“डॉक्टर, बाळाचं अंगावरचं दूध सोडवलंय, छाती दाटून आलीय. दूध आटवायची गोळी द्या.” अशी मागणी अनेक माता करतात. या गोळीचा इतिहास मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

पूर्वी छाती कापडाने घट्ट आवळून बांधत. युरोपात कोबीची पाने ठेवत, तर दक्षिण भारतात स्तनांवर मोगऱ्याची फुले बांधत. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले आणि पुढे ते बाळंतिणींचे दूध थांबवण्यासाठी दिले जाऊ लागले. १९६० च्या दशकात लक्षात आले, की अशा उपचारानंतर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

मग ब्रोमोक्रिप्टीन आले. ते प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक कमी करते. पण काही स्त्रियांना रक्तदाब वाढणे, झटके, पक्षाघात असे त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. १९९४ मध्ये अमेरिकेत दूध थांबवण्यासाठीचा त्याचा वापर मागे घेण्यात आला.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाळंतिणींमध्ये मोगरा आणि ब्रोमोक्रिप्टीन यांची तुलना झाली. प्रोलॅक्टिन गोळीने जास्त उतरले. पण छाती दाटणे आणि दूध येणे यांत दोन्हींचा परिणाम सारखाच दिसला.

खरे तर स्तन रिकामा होणे कमी झाले, की दूध बनणेही आपोआप कमी होते. म्हणून काही विशेष कारण नसेल, तर गोळीची गरज पडत नाही. दर काही दिवसांनी एकेक पाजणे कमी करा. फार दाटले तर आराम वाटेल इतकेच दूध पिळून काढा. गार कापड ठेवा. आधार देणारी, पण घट्ट नसलेली ब्रा वापरा. आवळून बांधू नका. त्याने दुखणे वाढते.

पुढे काही आठवडे थेंबभर दूध येऊ शकते. दूधग्रंथी आक्रसतात, स्तन लहान किंवा सैल वाटतात. हे नैसर्गिक आहे.

मात्र ताप आला, स्तन लाल होऊन दुखू लागला, तर लगेच दाखवा. बोंडातून रक्त आले किंवा गाठ दोन आठवड्यांतही विरली नाही, तरीही तपासणी हवीच. “दुधाची गाठ असेल” म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. गोळीची घाई नको, पण गाठ दाखवायला उशीरही नको.