एक नाव, अनेक विद्यापीठे

विद्येच्या देवतेचा उत्सव म्हटल्यावर विद्यापीठांविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी ठरणार नाही. निमित्त झाले ते आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलाचे. मुलाला नोकरी लागली. पदवीची पडताळणी करताना त्या कार्यालयाने ‘आंबेडकर विद्यापीठ’ एवढेच पाहून पत्र लखनौला पाठवले. पदवी होती आग्र्याची. पत्र फिरून योग्य जागी पोहोचेपर्यंत अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस नेमणूक अडकून राहिली. रेल्वेत सारख्या नावाच्या स्थानकांना वेगवेगळे कोड असतात, त्यामुळे पार्सल सहसा चुकत नाही. विद्यापीठांचे मात्र पूर्ण नावच वाचावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारी विद्यापीठे देशात किती आहेत आणि ती कशी झाली, हे शोधण्याचा नाद मला तेव्हा लागला.

प्रथम आग्रा. हे या सर्वांत जुने. अलाहाबाद विद्यापीठ १९२० च्या दशकात स्वतः शिकवणारे निवासी विद्यापीठ बनू लागले. मग त्याला जोडलेल्या बाहेरगावच्या महाविद्यालयांचे काय करायचे, हा प्रश्न आला. त्यासाठी १९२७ साली आग्रा विद्यापीठ स्थापन झाले. संयुक्त प्रांत, मध्य भारत आणि राजपुताना एवढा त्याचा पसारा होता. ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया कॉलेज, इंदूरचे होळकर कॉलेज ही त्याचीच. म्हणून तिकडच्या मराठी घरांत आजोबांच्या पदवीपत्रावर ‘आग्रा’ दिसते. आजोबा शिकले ग्वाल्हेरला आणि पदवी आग्र्याची कशी, असे नातवंडे विचारतात, त्याचे उत्तर हे. पुढे उज्जैन, ग्वाल्हेर, इंदूर, कानपूर, मेरठ येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली आणि आग्र्याचा पसारा आटला. बाबासाहेबांचे नाव त्याला १९९० च्या दशकाच्या मध्यात मिळाले.

लखनौचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ याहून अगदी निराळे. ते १९९६ साली सुरू झाले आणि ते केंद्रीय विद्यापीठ आहे, म्हणजे संसदेच्या कायद्याने झालेले. तेथे निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. राज्य तेच, नाव जवळजवळ तेच, पण कायदा वेगळा आणि उद्देशही वेगळा.

बिहारमध्ये मुझफ्फरपूरचे विद्यापीठ आहे. पाटणा विद्यापीठ १९१७ चे. त्याच्यावरचा भार हलका करण्यासाठी १९५२ साली बिहार विद्यापीठ निघाले. १९६० साली त्यातून भागलपूर आणि रांची वेगळी झाली आणि उरलेले मुझफ्फरपूरला राहिले. १९९२ पासून ते बाबासाहेब भीमराव आंबेडकर बिहार विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

हैदराबादला १९८२ साली देशातले पहिले मुक्त विद्यापीठ सुरू झाले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ त्यानंतर तीन वर्षांनी आले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या हैदराबादच्या विद्यापीठाला १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्यांचे नाव दिले गेले. अहमदाबादला १९९४ साली मुक्त विद्यापीठ निघाले ते या नावानेच. चेन्नईला त्यांच्या नावाचे कायद्याचे विद्यापीठ आहे, तर दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ दिल्ली सरकारने २००७ च्या कायद्याने स्थापन केले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते महाड तेथून जवळच. बरीच वर्षे हे विद्यापीठ आपल्या आवारापुरते होते. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरची तंत्रशिक्षणाची महाविद्यालये जोडून घेण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे ‘लोणेऱ्याचा इंजिनीअर’ म्हणजे लोणेऱ्यातच शिकलेला, असे आता समजता येत नाही.

आणि शेवटी मराठवाडा. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गावे सोडून गेली. ठराव कागदावरच राहिला. पुढे लाँग मार्च निघाले, सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जुने ‘मराठवाडा’ तसेच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव लावले गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे.

ही हकीकत वाचल्यावर माझा विचार बदलला. सुरुवातीला मला वाटले होते, की एकाच नावाची इतकी विद्यापीठे काढून सरकारांनी घोळच घातला आहे. पण मुझफ्फरपूरला जे नाव जुन्या विद्यापीठाला मिळाले, हैदराबादला जे शताब्दीच्या काळात दिले गेले, त्याच नावासाठी आपल्या मराठवाड्यात गोरगरिबांना जिवाची किंमत द्यावी लागली आणि सोळा वर्षे वाट पाहावी लागली. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. सणावारी छत्रपतींचे, टिळकांचे, ज्ञानोबा-तुकोबांचे नाव अभिमानाने घेतो. बाबासाहेब तर साऱ्या देशाने आपले म्हटलेले. मग त्यांच्या नावाचा हा इतिहास आपल्या मुलांना आपण नाही सांगायचा, तर कोणी?

आणि व्यवहाराचेही एक सांगतो. अर्ज भरताना, पडताळणीला कागद पाठवताना तीन गोष्टी पाहाव्यात. विद्यापीठाचे पूर्ण नाव कोणते, गाव कोणते, आणि ते केंद्राचे, राज्याचे की मुक्त विद्यापीठ. प्रमाणपत्रावर हे सारे छापलेले असते. आपण मधले दोन शब्द वाचतो आणि पुढे जातो. नाव कोणाच्या आदरासाठी आहे ते मधले शब्द सांगतात. पदवी कोणी दिली हे मात्र उरलेले शब्द सांगतात. आमच्या सहकाऱ्यांच्या मुलाला शेवटी नेमणूकपत्र मिळाले. पेढे वाटताना तो एवढेच म्हणाला, “काका, आता अर्जात मी गावाचे नाव दोनदा लिहितो.”

गणपती बाप्पा मोरया!