३. पॉम्पेईची ‘लक्ष्मी’

३. पॉम्पेईची ‘लक्ष्मी’ : इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेली, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती, सध्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये शहर गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची. लक्ष्मी हे नाव सुरुवातीच्या अभ्यासकांनी दिले व तेच रूढ झाले. अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंच्या दासी पाहता तिला यक्षी मानणे अधिक योग्य. डोक्यात वरून भोक पाडलेले असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. लेखकाने येथे तेरचा उल्लेख केला आहे तो अशासाठी, की तेर (जि. धाराशिव) व भोकरदन (जि. जालना) येथे याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथातले तगर. तिथला माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाई. मात्र पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी वायव्य भारतातली. म्हणून मूर्ती दख्खनमध्येच घडली, हे लेखकाचे विधान निर्विवाद समजू नये. तेरची मूर्ती गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. – संपा.